राहून गेलेले सातशे डॉलर

चि. बाळ यास,



तुझं पत्र मिळालं. कॅलिफोर्नियातल्या कार्ड रूममध्ये दोन-पाचच्या होल्डेम पोकर टेबलावर तुला पंजीचा सेट लागला, तरी हाती फारसं काही आलं नाही, म्हणून तू नशिबाला बोल लावला आहेस. नशिबाने आपलं काम केलं होतं. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट लागतो तो साधारण साडेआठ डावांत एकदा. खोट त्यानंतरच्या खेळात आहे.

डाव पुन्हा मांडू या. दोघांपुढे 800-800 डॉलर. समोरच्याने 25 केले, तू बटणावरून कॉल केलास, पॉट झाला साधारण 60 चा. फ्लॉप पडला किलवर राजा, बदाम नव्वी, किलवर पंजी. त्याने 30 लावले आणि तू नुसता कॉल केलास. टर्नला चौकट दुर्री. त्याने चेक केलं आणि तूही केलंस, का, तर ‘त्याला काहीतरी लागू दे’. रिव्हरला किलवर गुलाम आला. तिसरं किलवर पाहून दोघेही बिचकलात. तू कसेबसे 40 लावलेस, त्याने कॉल करून एक्का-राजा दाखवला. फ्लॉपपासून पुढे त्याच्याकडून तुला मिळाले 70. सातशेहून जास्त डॉलर त्याच्यासमोरच राहिले.

अरे, राजाची जोडी आणि सोबत एक्का, एवढं असलेल्या माणसाला आणखी काय लागायला हवं होतं? पैसे घालायची त्याची तयारी फ्लॉपवरच होती. त्याच्या 30 वर तू 100 केले असतेस आणि त्याने कॉल केला असता, तर पॉट 260. टर्नला 180 लाव, पॉट 620. आता दोघांकडे उरतात 495, म्हणजे रिव्हरचा ऑल-इन पॉटपेक्षा लहानच ठरतो. एकही रक्कम अवाजवी वाटत नाही आणि तरी सगळे पैसे मधे येतात. किलवर गुलाम पाहून तू रिव्हरला हात आखडता घेतला असतास, तरी हरकत नव्हती. तोवर त्याचे 280 आत आले असते. तो दर वेळी इतका पुढे येईल असं मी म्हणत नाही, पण निदान त्याला तो निर्णय घ्यायला लाव.

नो-लिमिटमध्ये पॉट दर पत्त्याला पटींनी वाढतो. तीनदा पॉटएवढी बेट लागली, तर 60 च्या पॉटमागे प्रत्येकाचे 60, 180 आणि 540, म्हणजे 780 जातात. एकच फेरी चेकमध्ये घालवलीस, की 60 आणि 180, एकूण 240. पहिली फेरी सोडली म्हणजे 60 सोडले असं वाटतं. प्रत्यक्षात शेवटचे 540 जातात.

दबा धरून बसायची ही सवय तुला कुठून लागली, ते मला ठाऊक आहे. दिवाळीत आपल्या घरी तीन पत्ती खेळतच तू मोठा झालास. तिथे ट्रेल हातात घेऊन गप्प बसलं तरी चालतं, कारण तिथे चेक नाही. आपली पाळी आली की चाल टाका, नाहीतर पॅक व्हा. पॉट आपसूक फुगतो. होल्डेममध्ये दोघांनी चेक केलं की पॉट तिथेच राहतो आणि पुढचा पत्ता फुकट मिळतो. त्या टर्नला समोरच्याच्या हातात किलवरचे दोन पत्ते असते, तर न दिसलेल्या 46 पैकी 9 पत्त्यांनी, पाचात जवळजवळ एकदा, त्याचा फ्लश झाला असता. 260 च्या पॉटमध्ये 180 मोजून तो पत्ता पाहणं त्याला महाग पडलं असतं. तू तो फुकट दाखवलास.

जॉनी चॅनचा दाखला तू दिलास. 1988 च्या पोकर वर्ल्ड सिरीजचा तो शेवटचा डाव ‘राउंडर्स’ चित्रपटामुळे घरोघरी गेला आणि त्याने किती होतकरू खेळाडू बिघडवले असतील! चॅनकडे किलवर गुलाम-नव्वी होती आणि फ्लॉपवरच स्ट्रेट लागला होता. रिव्हरला त्याने चेक केलं आणि राणीची जोडी असलेल्या एरिक सायडेलने ऑल-इन केलं. खेळ अप्रतिमच होता. पण खेळणारे दोघेच होते, शेवटपर्यंत चॅनला हरवील असा हातच शक्य नव्हता आणि समोरचा स्वतः बेट लावणारा होता. तुझ्या टेबलावर शुक्रवारी रात्री दमून येणारी माणसं बसतात. ती स्वतःहून ब्लफ क्वचित करतात, कॉल मात्र हौसेने करतात. त्यांच्यापुढे बेट लावणं हेच खरं. दबा धरून खेळायचंच असेल, तर राणीची जोडी हाती असताना फ्लॉपवर राणी-राणी-चव्वी पडेल तेव्हा खेळ. तेव्हा समोरच्याकडे कॉल करण्याजोगं काही उरलेलंच नसतं.

रकमेबद्दलही कचरू नकोस. 200 च्या पॉटमध्ये 100 लावल्यावर शंभरात 60 जण कॉल करतील आणि 200 लावल्यावर 40 जणच, असं धर. लहान बेटीतून 6,000 येतात, मोठीतून 8,000. जास्त वेळा फोल्ड होऊनही मोठी बेट पुढे राहते. तो फोल्ड झाला की तुला वाईट वाटतं, म्हणून तू लहान लावतोस. ते वाईट वाटणं सोसायला शीक.

पुढच्या डावांची टिपणं धाडशील तेव्हा पत्त्यांच्या आधी तीन गोष्टी लिही : पॉट किती होता, दोघांपुढे किती होते, आणि समोरचा कोणत्या हाताने कॉल करील असं तुला तेव्हा वाटलं होतं. तिसरी आठवत नसेल, तर तो डाव धाडू नकोस. मी उत्तर लगेच लिहीन.

तुझा,
मामा