पॉइंट टू-टू पिस्तुलाची निगा

२५ मीटर स्पोर्ट पिस्तूल या नेमबाजी प्रकारात पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे, अर्धस्वयंचलित पिस्तूल वापरतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात. काडतूस लहान, दारू थोडी. आणि तेवढ्याशा धक्क्यावर बोल्ट मागे जायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडायची आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये चढायचे असते. मोठ्या बोअरच्या पिस्तुलाला जी घाण पचते, ती याला पचत नाही.

सफाईची सुरुवात पिस्तूल रिकामे करण्यापासून होते आणि त्यातला क्रम बदलून चालत नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून आधी मॅगझिन काढायचे, मग बोल्ट मागे ओढायचा. उलटे केले तर चेंबरमधले काडतूस बाहेर पडते खरे, पण बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधले दुसरे आत ढकलतो. त्यानंतर मॅगझिन काढलेले पिस्तूल रिकामे वाटते, असते मात्र भरलेले. म्हणून चेंबर उजेडात धरून डोळ्यांनी पाहावे, आणि सफाईच्या टेबलावर एकही काडतूस ठेवू नये.

सर्वांत जास्त त्रास देते ते चेंबर. या काडतुसाची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. मेण, शिसे आणि जळकी दारू मिळून चेंबरमध्ये, पुंगळीचे तोंड संपते त्या जागी, एक कडक कडे धरते. वरवर पाहता काही दिसत नाही; आत घातलेला कापडाचा पॅच तेवढ्या जागी किंचित अडखळतो, एवढीच खूण. पुढे काडतूस पूर्ण बसत नाही, झाडलेली पुंगळी सुटत नाही. रॅपिड फेरीत लक्ष्य सात सेकंद वळलेले असते, तीन सेकंद समोर येते आणि त्यात एकच गोळी मारायची असते. बोल्टमध्ये चिमटलेली पुंगळी ध्यानात येईपर्यंत लक्ष्य वळूनही जाते. दोष मग मॅगझिनला किंवा काडतुसांना दिला जातो, आणि मेणाचे कडे तसेच राहते.

त्यावर उपाय साधा आहे. सॉल्व्हंटने ओला केलेला पॅच फिरवून काही मिनिटे थांबावे, मग पितळी तारांचा ब्रश, शेवटी कोरडे पॅच. काम शक्यतो चेंबरच्या बाजूने करावे. नळी सुटी होत नसेल तर गजाऐवजी ओढदोरी बरी, कारण गज घासून नळीच्या तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यामागची काजळी जुन्या टूथब्रशने निघते. बोटांवरच्या काळ्या थरात शिसे असते. हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नयेत.

तेलाच्या बाबतीत हात आखडताच हवा. बोल्ट सरकतो त्या पट्ट्यांवर एक थेंब बोटाने पसरावा. फायरिंग पिनच्या खोबणीत तेल गेले की काजळीची लापशी होते, पिनचा ठोका हलका पडतो आणि गोळी उडत नाही. मॅगझिन आतून कोरडे ठेवावे. खोबरेल तेल अजिबात नको: ते थंडीत गोठते, नंतर चिकटते. जोडणी झाल्यावर रिकाम्या चेंबरवर चाप दाबून पाहण्याआधी उत्पादकाचे माहितीपत्रक वाचावे. काही पिस्तुलांत पिन चेंबरच्या कडेवर आदळते, तिथे खड्डा पडतो आणि पुंगळ्या पुन्हा अडकू लागतात.

कोकणात आणि मुंबईत पावसाळा हीच खरी कसोटी. रेंजवरून आणलेले पिस्तूल घामट हातांनी थेट पेटीत बंद करू नये. पेटीतला फोम ओल धरून ठेवतो. तेलाच्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. लाकडी ग्रिप घाम शोषून घेते, त्यामुळे गंजाची सुरुवात बहुधा तिच्याखाली, नजरेआड होते. पावसाळ्यात पिस्तूल वापरात नसले तरी अधूनमधून ग्रिप काढून खालचा धातू पाहावा, आणि तांबूस ठिपका दिसताच तेलाने पुसून काढावा.