तक्रार म्हणजे भांडण नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, 'तक्रार' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो उर्दूतही आहे. पण उर्दूत 'तक्रार' म्हटले की दोन माणसांची बाचाबाची डोळ्यांसमोर येते. मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आपण घरी ज्याला 'शिकायत' म्हणतो, तिला मराठीत 'तक्रार' म्हणतात. शब्द एक, पण अर्थ दोन. या दोन अर्थांच्या गोंधळात माझ्या मामूंचे चार महिने वाया गेले. त्यांची हकिकत आज तुम्हांला सांगतो.

मामू पारोळ्याला राहतात. बांगड्या, कंगवे, आरसे, टिकल्या असे कटलरी सामान ते आठवडे बाजारांत विकतात. आज एका गावाला, उद्या दुसऱ्या गावाला. पूर्वी ते एस.टी.ने जात. बांगड्यांची पेटी एस.टी.च्या टपावर चढवायची आणि उतरवायची म्हणजे दर खेपेला चार-दोन डझन बांगड्या फुटायच्या. म्हणून त्यांनी तीन वर्षे पैसे साठवले आणि ऑक्टोबर 2016 मध्ये, दिवाळीच्या आधी, जळगावच्या एका शोरूममधून मोटारसायकल घेतली. अर्धे पैसे रोख दिले, अर्ध्यांचे हप्ते बांधले.

शोरूममध्ये मोठा मान मिळाला. काचेचे दार, आत गार हवा, टेबलावर चहा. "या चाचा, बसा चाचा," असे म्हणत विक्रेत्याने खुर्ची पुढे केली. मग कागद आले. सात-आठ ठिकाणी सह्या झाल्या. मामू मराठी छान बोलतात, अहिराणी तर त्याहून छान. पण वाचता येते ते फक्त उर्दू. कागदावर काय लिहिले आहे, हे त्यांनी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. त्यांतल्या एका कागदावर "हेल्मेट मिळाले" असे छापले होते. हेल्मेट मात्र मिळाले नव्हते. "संपले आहेत, पुढच्या आठवड्यात घेऊन जा," असे उत्तर मिळाले. 'किरकोळ खर्च' म्हणून 1,100 रुपये घेतले, त्याची पावती दिली नाही. गाडीला हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. मामू खुशीत घरी आले.

तिसऱ्या आठवड्यात गाडी रस्त्यात बंद पडली. थोडा वेळ थांबले की सुरू व्हायची, पुन्हा बंद पडायची. मागे बांगड्यांची पेटी, आजूबाजूला कपाशीची शेते आणि दोन कोसांवर गाव. कल्पना करा.

मामू जळगावला गेले. "नवीन गाडी आहे चाचा, इंजिन मोकळे व्हायला वेळ लागतो," असे सांगून त्यांना परत पाठवले. दुसऱ्या वेळी कोणीतरी प्लग साफ करून दिला. तिसऱ्या वेळी त्यांना सकाळपासून चार वाजेपर्यंत बसवून ठेवले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही वजन जास्त लादता." तीनही वेळा एकही कागद झाला नाही. प्रत्येक खेपेला बाजाराचा एक दिवस बुडाला, पेट्रोलचा खर्च वेगळा.

मी तेव्हा जळगावला बी.एड. करत होतो. मी म्हणालो, "मामू, लेखी तक्रार करा."

ते माझ्यावरच रागावले. "बेटा, तक्रार कशाला? शरीफ माणूस कोणाच्या दुकानात जाऊन तक्रार करत नाही."

त्यांच्या मनात उर्दूतली तक्रार होती, माझ्या मनात मराठीतली. गोष्ट तिथेच थांबली.

फेब्रुवारी 2017 मध्ये मामू धुळ्याकडे माल आणायला निघाले होते. शहर जवळ आले आणि गाडी पुन्हा बंद पडली. ढकलत ढकलत त्यांनी ती त्याच कंपनीच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे गार हवा नव्हती. चहाही नव्हता. काउंटरवरच्या माणसाने एक छापील कागद पुढे ओढला आणि विचारले, "काका, काय त्रास आहे ते तुमच्या शब्दांत सांगा." मामू सांगत गेले, तो लिहीत गेला. या कागदाला जॉब कार्ड म्हणतात. गाडी कधी आली, किती किलोमीटर चालली, टाकीत पेट्रोल किती आहे, मालकाचे म्हणणे काय आहे, हे सारे त्यावर लिहितात. लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचून दाखवले आणि मगच सही घेतली. मामूंना याचे फार नवल वाटले. सहीच्या आधी वाचून दाखवणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

मग मिस्त्री आला. त्याने पेटी उतरवू दिली नाही. "वजनासकटच चालवून पाहू," असे म्हणून त्याने मामूंना पेटीसह मागे बसवले आणि महामार्गावर एक चक्कर मारली. गाडी बंद पडली तेव्हा तो म्हणाला, "आता कळले." परत येऊन त्याने कार्ब्युरेटर उघडला आणि त्यातले पेट्रोल एका पांढऱ्या फडक्यावर ओतले. फडक्यावर तांबूस कण राहिले. टाकीत टॉर्च मारून त्याने मामूंना आतला गंज दाखवला.

नवीन गाडीच्या टाकीत गंज कसा? मिस्त्रीने गाडीचे आर.सी. पुस्तक, म्हणजे नोंदणीचा दाखला मागितला. त्यावर गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते लिहिलेले असते. मामूंची गाडी ऑगस्ट 2015 मध्ये तयार झालेली होती. म्हणजे विकण्याआधी ती चौदा महिने कुठेतरी उभी होती, बहुधा उघड्यावर, बहुधा पावसातही. टाकी रिकामी, आत ओलावा. मग गंज धरायला काय उशीर! असा माल विकणे हा गुन्हा नाही. पण ग्राहकाला न सांगता, नव्या गाडीच्या पूर्ण किमतीला विकणे हे योग्य नाही.

काउंटरवरच्या माणसाने हे सारे जॉब कार्डावर लिहिले. तो म्हणाला, "टाकी हमीत बदलून मिळेल, पण कंपनीची मंजुरी लागेल. दहा-बारा दिवस जातील. उद्या देतो असे मी म्हणणार नाही." आठव्या दिवशी त्याचा फोन आला, "काका, टाकी अजून आली नाही." मामू हसत हसत मला सांगत होते, "अरे, काम झाले नाही हे कळवायला त्याने फोन केला!" टाकी तेराव्या दिवशी बसली. जुने भाग पिशवीत घालून त्याने मामूंना दाखवले. मजुरी घेतली नाही, ऑइलचे पैसे घेतले आणि त्याचे बिल दिले. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. 'फ्री सर्व्हिसिंग' म्हणजे सहसा फक्त मजुरी माफ असते. ऑइल आणि झिजणाऱ्या वस्तूंचे पैसे द्यावे लागतात. ते मागितले म्हणजे फसवणूक झाली, असे समजू नये. बिल मात्र जरूर मागावे.

धुळ्याचे जॉब कार्ड हाती आले तेव्हा मामू स्वतःच म्हणाले, "चल, तुझी ती मराठीतली तक्रार लिही." आम्ही लिहिलेले पत्र असे होते :

दिनांक : 2 मार्च 2017

प्रति,
माननीय व्यवस्थापक,

विषय : नवीन मोटारसायकलबाबत तक्रार.

महोदय,
मी आपल्याकडून ऑक्टोबर 2016 मध्ये मोटारसायकल घेतली. ही गाडी ऑगस्ट 2015 मध्ये तयार झालेली आहे, हे मला विकताना सांगितले नाही. गाडी वारंवार बंद पडत असल्याने मी आपल्याकडे तीन वेळा आलो. परंतु जॉब कार्ड केले गेले नाही. टाकीत गंज असल्याचे धुळे येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने लेखी दिले आहे. त्याची प्रत जोडली आहे. तसेच मला हेल्मेट मिळालेले नाही आणि 1,100 रुपयांची पावती मिळालेली नाही.
तरी हेल्मेट व पावती द्यावी आणि जुन्या उत्पादनाबद्दल किमतीत योग्य सूट द्यावी, ही विनंती. पंधरा दिवसांत उत्तर मिळावे.
आपला विश्वासू,

या पत्रात एकही रागाचा शब्द नाही, हे तुम्ही पाहिले असेल. पहिल्या मसुद्यात मी 'लबाड' हा शब्द लिहिला होता. मामूंनीच तो खोडायला लावला. "तारखा पुरेशा आहेत," ते म्हणाले.

पत्राची एक प्रत आम्ही जवळ ठेवली. शोरूममध्ये पोच द्यायला कोणी तयार होईना, म्हणून पत्र पोस्टाने रजिस्टर केले. 'पोच' म्हणजे कागद पोहोचल्याची सही. ती नसेल तर "आम्हांला पत्र मिळालेच नाही," असे कोणीही म्हणू शकतो.

बाराव्या दिवशी शोरूममधून बोलावणे आले. व्यवस्थापक म्हणाले, "चाचा, आधीच सांगायचे ना!"

मामू म्हणाले, "साहेब, सांगितले तीन वेळा. लिहिले एकदाच."

हेल्मेट मिळाले. जुन्या उत्पादनाबद्दल 2,000 रुपये परत मिळाले. ते 1,100 रुपये मात्र मिळाले नाहीत. ते घेतल्याची कुठेच नोंद नव्हती. बुडालेल्या बाजारांचेही काही मिळाले नाही.

मित्रांनो, दुकानदारापुढे ग्राहकाने गप्प बसावे ही सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिला कारणही आहे. 1972 मध्ये बजाजची 'चेतक' स्कूटर आली. त्या काळी परवान्याशिवाय कारखान्याला उत्पादन वाढवता येत नसे. मागणी भरपूर आणि गाड्या कमी. लोक पैसे भरून नाव नोंदवत आणि वर्षानुवर्षे वाट पाहत. गाडी मिळाली हेच नशीब. मग तिचा रंग आवडला नाही किंवा ब्रेक ढिला निघाला, तरी कोण बोलणार? 1985 च्या सुमारास हीरो होंडासारख्या नव्या मोटारसायकली आल्या आणि पुढे ग्राहकाला निवड करता येऊ लागली. त्याआधी, 1974 मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. आता त्या जागी 2019 चा कायदा आहे. तो जुलै 2020 पासून लागू झाला.

दुकानदाराने पत्राला उत्तर दिले नाही, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. जळगावचा ग्राहक जळगावला जातो. धुळ्याच्या माणसाने जळगावला गाडी घेतली असेल, तर नव्या कायद्याप्रमाणे तो धुळ्यालाही तक्रार करू शकतो. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी लागत नाही. वकील केलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची असते. मुदत हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीतच आहे, पण इथे ती चुकली तर हक्कही जाऊ शकतो. सल्ला हवा असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. मामूंसारखा पोट भरण्यासाठी स्वतः गाडी वापरणारा छोटा विक्रेताही कायद्याने ग्राहकच आहे.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, हेही नीट ठरवावे लागते. गोव्यात एका ग्राहकाने 2011 ची मोटार मागितली आणि विक्रेत्याने त्याला 2009 मध्ये तयार झालेली, आधीच काही शे किलोमीटर चाललेली गाडी दिली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने निकाल दिला. विक्रेत्याने केलेल्या या गोष्टीची माहिती टाटा मोटर्स या कंपनीला होती असे सिद्ध झाले नाही, म्हणून न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले नाही. म्हणजे वस्तूतला दोष आणि विक्रेत्याच्या सेवेतील उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मामूंची टाकी कंपनीने बदलली, पण न सांगण्याचा जाब आम्ही शोरूमला विचारला, तो यामुळेच.

हेल्मेटचेही तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी विकताना प्रमाणित हेल्मेट देण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ती मेहेरबानी नाही.

गेल्या वर्षी मामूंनी दुसरी गाडी घेतली. या वेळी त्यांनी नातीला सोबत नेले. ती उर्दू शाळेत आठवीत शिकते. विक्रेत्याने कागद पुढे केला आणि बोट ठेवून सहीची जागा दाखवली. मामूंनी कागद नातीकडे सरकवला. तिने हळूहळू, अक्षर जुळवत वाचले आणि मध्येच थांबून विचारले, "यात हेल्मेट मिळाले असे लिहिले आहे. कुठे आहे?"

विक्रेता आत गेला आणि हेल्मेट घेऊन आला.

स्वाध्याय

1. 'तक्रार' या शब्दाचा उर्दूतील आणि मराठीतील अर्थ सांगा. अर्थ बदललेले असे आणखी दोन शब्द घरी विचारून लिहा.
2. जळगावच्या शोरूममध्ये मामूंना चहा मिळाला, धुळ्याला मिळाला नाही. तरी मामूंना धुळ्याची सेवा का आवडली?
3. मामूंनी 'लबाड' हा शब्द का खोडायला लावला असेल?
4. तुमच्या घरी घेतलेला पंखा महिन्याभरात बिघडला आहे. दुकानदाराला मराठीत तक्रारपत्र लिहा. तारखा लिहायला विसरू नका.