वृद्ध श्वानाचा संधिवात : औषध आणि बदलती वागणूक

मनुष्याला एखादे औषध मानवले नाही, तर तो तसे सांगतो. पोटात आग होते, डोके जड वाटते, जीव बेचैन होतो, अशी त्याची तक्रार डॉक्टरांच्या कानी पडते आणि औषध बदलले जाते. मुक्या जनावराला ही सोय नाही. त्याची तक्रार केवळ त्याच्या वागण्यातून उमटते. ते वागणे ओळखणारे माणूस जवळ नसेल, तर औषध चालूच राहते. कुत्र्यांच्या संधिवातावर दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधांच्या बाबतीत ही गोष्ट विशेषत्वाने लक्षात घेण्याजोगी आहे.

वयोमानाप्रमाणे सांधे झिजणे हे कुत्र्यांच्या नशिबीही आहेच. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड यांसारख्या थोराड जातींत खुब्याच्या सांध्यातील उपजत दोषामुळे हा विकार लवकर सुरू होतो. पोलीस दलांच्या श्वानपथकांत याच जाती मोठ्या प्रमाणावर असतात. दुखणे आले म्हणून कुत्रा सहसा ओरडत नाही. तो उठायला वेळ लावतो, जिना टाळतो, एकच सांधा चाटत बसतो आणि लहान मूल अंगावर रेलले की गुरगुरतो. म्हणजे औषध सुरू होण्यापूर्वीच त्याच्या वागण्यात फरक पडलेला असतो. पुढे औषधाने आणखी फरक पडला, तर कोणता दुखण्याचा आणि कोणता औषधाचा, हे ठरविणे अवघड जाते. या लेखाचा विषय हीच अडचण आहे.

वेदना शमते ती कशी?

या विकारावर प्रामुख्याने स्टेरॉइड नसलेली दाहशामक औषधे वापरली जातात. कार्प्रोफेन व मेलॉक्सिकॅम ही त्यांतील परिचित नावे. शरीरात दाह व वेदना वाढविणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे त्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल १९८२ च्या वैद्यकशास्त्रातील नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. परंतु हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही सांभाळतात. त्यांची निर्मिती थांबली की सांध्याला आराम पडतो, पण पोट व मूत्रपिंडे यांवर ताण येण्याचा संभव असतो.

अमेरिकेतील अनुभव

कार्प्रोफेन हे औषध कुत्र्यांच्या संधिवातासाठी अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाले आणि १९९७ च्या आरंभी ‘रिमाडिल’ या नावाने बाजारात आले. त्याचा गुणही चांगला होता. महिनोन्महिने कोपऱ्यात पडून असलेली म्हातारी कुत्री पुन्हा अंगणात फिरू लागली. दूरचित्रवाणीवर जाहिराती झळकल्या आणि पाहता पाहता ते लाखो घरांत पोचले. मंजुरीपूर्वीच्या चाचण्या मात्र काही शे कुत्र्यांवरच झालेल्या होत्या. त्या चाचण्यांत वागणुकीतील बदल क्वचितच नोंदले गेले होते.

औषध सर्वत्र पोचल्यावर मात्र निराळ्या नोंदी येऊ लागल्या. १९९८ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी या औषधानंतर यकृताला इजा झालेल्या २१ कुत्र्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांपैकी १३ लॅब्राडोर होते. लॅब्राडोर ही अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय जात असल्याने हा आकडा सावधपणेच वाचला पाहिजे. तरीही तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी साठत गेल्या, प्रकरण न्यायालयातही गेले आणि औषधासोबतच्या माहितीपत्रकात भर पडत गेली. आज त्या पत्रकात वर्तनविषयक परिणामांची स्वतंत्र ओळ आहे : गुंगी, मरगळ, अतिचंचलता, अस्वस्थता व आक्रमकता. तोल जाणे, दिशाभ्रम व झटके यांचाही उल्लेख आहे. कुत्र्याच्या मालकासाठी सोप्या भाषेतील वेगळे पत्रक छापलेले असते, आणि वागणुकीत बदल दिसताच औषध थांबवून पशुवैद्यकास कळवावे, असे त्यात बजावलेले असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अशा नोंदी म्हणजे पुरावा नव्हे. म्हाताऱ्या कुत्र्याला औषध चालू असताना झटका आला, तर तो औषधानेच आला असे सिद्ध होत नाही. मंजुरीनंतरच्या नोंदींवरून दुष्परिणामाचे नेमके प्रमाणही काढता येत नाही. शिवाय हे औषध आजही जगभर वापरात आहे आणि बहुसंख्य कुत्र्यांना ते मानवते. तथापि चाचणीत न दिसलेली गोष्ट घराघरांतील निरीक्षणातून पुढे आली, हे या प्रकरणाचे महत्त्व आहे. तसेच पुन्हा एकदा घडले. संधिवातावरील बेडिनव्हेटमॅब हे नव्या पद्धतीचे इंजेक्शन अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झाले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील प्रशासनाने पशुवैद्यकांना पत्र पाठवून तोल जाणे, झटके, मागचे पाय लुळे पडणे आणि मूत्रावरील ताबा सुटणे अशा तक्रारी आल्याचे कळविले.

वागणूक बदलते, त्यामागील कारणे

आक्रमकता वा दिशाभ्रम हे थेट मेंदूवरील परिणाम असतीलच असे नाही. पुष्कळदा मूळ दुसऱ्याच अवयवात असते. यकृताला इजा झाली की रक्तातील अमोनियासारखी विषारी द्रव्ये निचरा न होता मेंदूपर्यंत पोचतात. मग कुत्रा भिंतीला डोके टेकून उभा राहतो, ओळखीच्या खोलीत वाट चुकतो, रात्री येरझारा घालतो आणि घरच्या माणसावरही चिडतो. जठरात व्रण झाला असेल तर तो अन्नाकडे पाठ फिरवतो. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच ठेवतो, कारण त्या स्थितीत पोटाला थोडा आराम मिळतो. शौचाचा डांबरासारखा काळा रंग हे जठरातील रक्तस्रावाचे लक्षण होय. मूत्रपिंडे बिघडली की पाण्याचे भांडे वारंवार रिकामे होते. जन्मात घर न घाण केलेला कुत्रा उंबरठ्याच्या आतच लघवी करतो आणि बिचाऱ्याला त्याबद्दल मार बसतो.

दुसऱ्या काही औषधांचा परिणाम मात्र सरळ मज्जासंस्थेवर होतो. गॅबापेंटिनने गुंगी येते व चाल अडखळते. ट्रॅमाडॉलने कोणी सुस्तावतो, तर कोणी अस्वस्थ होतो. स्टेरॉइडची गोष्ट आणखी वेगळी. त्याने भूक व तहान वाढते, धाप लागते. अशी औषधे घेणारी कुत्री अधिक बिचकतात, अधिक भुंकतात व अन्नाजवळ कोणी आल्यास चवताळतात, असे त्यांच्या मालकांनी सांगितल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळते. एरवी थाळीत हात घातला तरी न गुरगुरणारा कुत्रा औषधाच्या दिवसांत तसा राहीलच, असे मुलांना वाटू देऊ नये. स्टेरॉइड व वर उल्लेखिलेली दाहशामके एकत्र दिल्यास जठराचा धोका फार वाढतो. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही घातक असते. ते उतरत्या मात्रेनेच थांबवावे लागते.

औषध लागू पडल्याचीही खूण वागणुकीतच दिसते, हा घोटाळा निराळाच. दुखणे कमी झालेला कुत्रा अचानक धावू लागतो, खेळायला येतो, पूर्वी सहन करीत असलेल्या दांडग्या कुत्र्याला आता प्रत्युत्तर देतो. हा दुष्परिणाम नव्हे. अशा कुत्र्याची भूक, झोप व ओळख शाबूत असते.

पिसाळणे की औषध?

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न येथे उद्भवतो. गावात एखादा कुत्रा एकाएकी चावरा झाला की तो पिसाळला, असा बोभाटा होतो व काठ्या बाहेर निघतात. उलट घरचा मालक ‘औषधाने झाले असेल’ म्हणून दिवस काढतो. दोन्ही प्रकार धोक्याचे आहेत. वागणुकीत अचानक फरक, लाळ गळणे, आवाज घोगरा होणे, जबडा लोंबणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. कुत्र्याला संधिवाताची गोळी चालू आहे, एवढ्यावरून ती शंका दूर होत नाही. तो चावला असल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. औषधाचा विचार त्यानंतरचा. कुत्र्याला मारून न टाकता, सुरक्षित अंतर राखून कोंडून ठेवता आले, तर दहा दिवसांच्या देखरेखीत पुष्कळ उलगडा होतो. लसीकरणाचे कार्ड अशा वेळी फार उपयोगी पडते.

घरातील गोळ्या

परदेशातील प्रकरणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांची होती. आपल्याकडे आणखी एक मार्ग उघडा असतो. आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी भाकरीत घालून कुत्र्याला देण्याचा. वजनाच्या हिशेबाने अर्धी दिली म्हणजे झाले, हा समज चुकीचा आहे, कारण प्रश्न केवळ वजनाचा नसतो. नॅप्रोक्सेन हे औषध माणसाच्या रक्तात निम्म्यावर येण्यास साधारण अर्धा दिवस लागतो, तर कुत्र्याच्या रक्तात सुमारे तीन दिवस. दररोज एक गोळी दिली, तर आधीची बरीचशी शिल्लक असतानाच पुढची पोटात जाते. आयब्युप्रोफेन व डायक्लोफिनॅक हीही कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना झेपत नाहीत. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असते. ते कुत्र्याच्या रक्तातील साखर झपाट्याने खाली आणते.

प्राणी बदलला की औषधाचा गुणही बदलतो, याचे भारताला बसलेले उदाहरण गिधाडांचे आहे. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक त्यांच्या मृतदेहांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि मूत्रपिंडे निकामी होऊन ती मोठ्या संख्येने मेली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर, तर २०२३ साली त्याच कुळातील किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

औषध सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणी करून यकृत व मूत्रपिंडांची स्थिती पाहून घ्यावी, आणि दीर्घकाळ औषध द्यावयाचे असल्यास ती अधूनमधून पुन्हा करावी. घरात एक साधी वही ठेवावी. आज किती खाल्ले, पाणी किती प्याला, रात्री झोपला की फिरत राहिला, हाक मारल्यावर आला की नाही, एवढ्या चार ओळी पुरतात. शाळकरी मुलेही त्या लिहू शकतात, आणि बहुधा मोठ्यांपेक्षा नियमाने लिहितात. बदल दिसताच दाहशामकाची पुढील मात्रा रोखून कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सोबत ही वही व सर्व औषधांची वेष्टने न्यावीत. घरातील गोळी दिली गेली असल्यास तीही न लपविता सांगावी. शेवटची मात्रा कोणत्या औषधाची व किती वाजता दिली, यावरच पुढील उपचार ठरतात.