सर्दी होईल, खाली जाऊ नकोस!

"आई, मी जाडा आहे म्हणून मला सारखी सर्दी होते का गं?"

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ओटा आवरायचा होता, उद्याच्या डब्याच्या भाजीचा पत्ता नव्हता, आणि मी घाईघाईनं लेकाच्या नाकात स्प्रे मारत होते. प्रश्न ऐकला आणि हात तिथंच थांबला. दहा वर्षांचं पोर. हे याच्या डोक्यात कोणी भरवलं, असं म्हणणार होते. पण भरवणारी मीच होते.

दोनच दिवसांपूर्वी नाक-कान-घशाच्या डॉक्टर म्हणाल्या होत्या, "जरा वजनाकडेही बघूया." इतकंच, तेही हसून. रिक्षात बसल्याबसल्या मी त्याचं कीर्तन केलं. "ऐकलंस ना? चिप्स बंद, बिस्किटं बंद. म्हणूनच नाक वाहतं तुझं!" अर्धी रजा टाकली होती, दोन तास ताटकळले होते, डोकं उठलं होतं. माझ्याकडे कारणं भरपूर होती. त्याला मात्र एवढंच कळलं, की आपल्या पोटामुळे आपलं नाक वाहतं.

खरं तर आमच्या घरात झालं ते उलटंच.

मुलांना वर्षाकाठी सहा-आठदा सर्दी होते, ती आठ-दहा दिवसांत जाते. पण चोंदलेलं नाक, घट्ट शेंबूड आणि खोकला 12 आठवडे हटत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला जुनाट सायनस म्हणतात. सायनस तसे आपल्या सगळ्यांनाच असतात: गालांच्या, कपाळाच्या हाडांमधल्या पोकळ्या. त्यांची बारीक दारं नाकात उघडतात. सूज आली की दार बंद, आणि आतलं आतच साचतं.

लेकाचं हे पहिलीत सुरू झालं, आणि आम्ही सगळे कामाला लागलो. पोहणं बंद. सायकल बंद. "खाली जाऊ नकोस, वारं लागेल." "पळू नकोस, घाम अंगावर जिरेल, सर्दी होईल." घरात बसून कंटाळला की मोबाइल. औषधांनी चेहरा उतरला की आजीचा तूप सोडलेला शिरा. तोंडाला चव नाही म्हणाला की नूडल्स, कारण निदान काहीतरी पोटात जातंय!

नाक चोंदलेलं मूल तोंडानं श्वास घेतं. मग चावायचं कधी आणि श्वास कधी घ्यायचा? त्यामुळे भाकरी, काकडी, गाजर ताटात तसंच राहायचं. ब्रेड आणि मऊ भात संपायचा. मी म्हणायचे, "नखरे नुसते!"

सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते व्हिडिओचं. तो झोपेत घोरायचा. आम्ही हसायचो, "बाबांवर गेलाय." एकदा ते चित्रित करून नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकलं. पुढे कळलं, की मूल बहुतेक रात्री घोरत असेल तर ते हसण्यावारी न्यायचं नसतं. नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. वजनामुळेही घशातली वाट अरुंद होते. झोप तुटत राहते. या वयाला 9 ते 12 तास झोप हवी. ती नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि खेळायचं त्राण उरत नाही. शाळेतून "वर्गात लक्ष नसतं" अशी चिठ्ठी यायची, आणि मी त्यावरूनही त्याला रागवायचे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे मी एकटीच गेले. त्यांनी शांतपणे सांगितलं. अंगावरची जादा चरबी नुसती पडून राहत नाही, सूज वाढवणारी रसायनं रक्तात सोडत असते. पोट सुटलं की आंबट पाणी वर येऊन घसा चिघळू शकतो. मोठ्या माणसांत लठ्ठपणा आणि जुनाट सायनस ही जोडी बऱ्याचदा दिसते. पण एकामुळेच दुसरं झालं, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. काडीसारख्या मुलांनाही सायनस होतो. धूळ, भिंतींची ओल, घरातला सिगारेटचा धूर, अ‍ॅलर्जी ही कारणं असतातच. आधी बी की आधी झाड, हे शोधत बसू नका; दोन्हीकडून थोडं थोडं करा.

आम्ही ते थोडं थोडंच केलं. एकदम सगळं करायला गेलो असतो तर चार दिवसांत सोडून दिलं असतं.

पहिलं, खेळ परत सुरू केला. पळताना नाक उलट मोकळं होतं, हे मला माहीतच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते. आमची कधी चाळीस होते, कधी पाऊस जिंकतो.

दुसरं, औषधाची धरसोड थांबवली. "स्टेरॉइडचा स्प्रे" म्हटल्यावर मी घाबरून दोन आठवड्यांतच तो गुंडाळून ठेवला होता. नाकातल्या स्प्रेचं औषध बहुतांशी नाकापुरतंच काम करतं. भूक आणि वजन वाढतं ते पोटात घ्यायच्या स्टेरॉइडनं, वरचेवर घेतलं तर. आता आधी उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून केलेल्या द्रावणानं नाक धुणं, मग उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हातानं उजवीत स्प्रे. म्हणजे तो मधल्या पडद्यावर बसत नाही.

तिसरं, त्याचं ताट वेगळं केलं नाही. चिप्सचा पुडा घरातच येत नाही, बाबांसाठीसुद्धा. हे बाबांना जास्त जड गेलं. आजींना "शिरा करू नका" कसं सांगायचं, हा प्रश्न होता. त्यांची माया त्या वाटीत होती. शिरा रविवारी ठरला आणि रोज संध्याकाळी नातवाला खाली नेण्याचं काम आजींनी घेतलं. त्यांचे गुडघेही आता कमी कुरकुरतात.

वजनकाटा माळ्यावर टाकलाय. वाढत्या मुलाचं वजन मोठ्यांच्या आकड्यांनी मोजायचंच नसतं. त्यासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 सालचे तक्ते डॉक्टरांकडे असतात. उंची वाढतेय तोवर वजन आहे तिथं टिकलं, तरी पुष्कळदा तेवढं पुरतं. उपाशी ठेवायचं तर मुळीच नाही.

आणि जीभ आवरली. गणपतीत आरतीच्या वेळी "लंबोदर" आलं की एक काका त्याच्या पोटात बोट खुपसायचे. सगळे हसायचे, तोही हसायचा. यंदा मी काकांना बाजूला घेऊन सांगितलं. आरतीला तो पहिल्यांदाच पुढे उभा राहून टाळ वाजवत होता.

एवढं मात्र अंगावर काढू नका: डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोकं जोरात दुखून ताप येणं, मूल गुंगीत जाणं, झोपेत श्वास मध्येच थांबणं. लहानग्याच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत मणी किंवा शेंगदाणाही अडकलेला असू शकतो. अशा वेळी आजीचा काढा नको, डॉक्टर गाठा.

त्या रात्री मी स्प्रे खाली ठेवला. म्हटलं, "नाही रे. नाक चोंदतं यात तुझी काही चूक नाही. आम्हीच घाबरून तुला घरात बसवलं."

त्यानं क्षणभर विचार केला. "मग उद्या पाऊस असला तरी खाली जाऊ?"

वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, तीन वर्षांच्या सवयीचं. ते कसंबसं गिळलं आणि म्हणाले, "रेनकोट घाल."