प्लास्टिकच्या कचऱ्यापासून रसायने : सूर्यप्रकाशाचा उपयोग

पाण्याची रिकामी बाटली, दुधाची पिशवी आणि थर्मोकोलचे मखर गावाबाहेरच्या एकाच ढिगात पडतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे तीन भिन्न पदार्थ होत. प्रकाशाच्या साहाय्याने प्लास्टिकपासून उपयुक्त रसायने मिळविण्याच्या संशोधनात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

या संशोधनाचा पाया जपानमध्ये घातला गेला. फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड व प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करून दाखविले. कावाई व साकाता यांनी १९८१ मध्ये या क्रियेत पीव्हीसी प्लास्टिक वापरून हायड्रोजन मिळविला.

उत्प्रेरकाच्या कणांवर प्रकाश पडला की त्यांतील इलेक्ट्रॉन उत्तेजित होतात व त्यांच्या जागी धनभारित पोकळ्या उरतात. इलेक्ट्रॉन पाण्यातून हायड्रोजन मुक्त करतात, तर पोकळ्या प्लास्टिकच्या घटकांचे ऑक्सिडीकरण करतात.

केंब्रिज विद्यापीठातील एर्विन राइस्नर यांच्या गटाने २०१८ मध्ये पीईटीवर, म्हणजे बाटलीच्या प्लास्टिकवर, असा प्रयोग केला. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात पीईटीची साखळी तुटून टेरेफ्थॅलिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल सुटे होतात. पहिल्यापासून पुन्हा पॉलिएस्टर बनविता येते, तर दुसऱ्यापासून प्रकाशक्रियेने फॉर्मिक आम्लासारखी रसायने मिळतात. त्या वेळी वापरलेला उत्प्रेरक कॅडमियम या विषारी धातूचा होता. म्हणून याच गटाने २०१९ मध्ये कॅडमियमविरहित कार्बन नायट्राइडचा पर्याय पुढे आणला.

थर्मोकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरिन. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २०२२ मध्ये लोहाचे क्लोराइड व पांढरा प्रकाश यांच्या साहाय्याने पॉलिस्टायरिनपासून बेंझॉइक आम्ल मिळविण्यात आले. लोणची व सरबते टिकविण्यासाठी याच आम्लाचा क्षार वापरतात. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन मात्र चिवट असते. त्याच्या कार्बनच्या साखळीवर कॉस्टिक सोड्याचा परिणाम होत नाही.

ही पद्धत अद्याप प्रामुख्याने प्रयोगशाळेपुरती मर्यादित आहे. क्रिया मंद असते आणि सोडा मोठ्या प्रमाणात लागतो. शिवाय मातीने गढूळ झालेल्या द्रावणात प्रकाश खोलवर शिरू शकत नाही. त्यामुळे उद्या ही पद्धत कारखान्यात आली, तरी तिला लागणारा कच्चा माल स्वच्छ व वेगवेगळा केलेलाच असावा लागेल.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये ग्रामीण भागातील ही जबाबदारी ग्रामपंचायतींवर आहे. बाटल्या, पिशव्या व थर्मोकोल घरीच वेगळे ठेवण्याची सवय आजच्या पुनर्वापरासाठी आवश्यक आहे. उद्याच्या तंत्राचा लाभही ज्या गावाला ही सवय आहे, त्यालाच सहज घेता येईल.