वरचा थर जुना, खालचा नवा

भूगोलाच्या अभ्यासात आपण सुरुवातीलाच एक नियम शिकतो : थरांच्या खडकांत खालचा थर जुना आणि वरचा नवा. निकोलस स्टेनो याने तो १६६९ साली मांडला. आपल्या सह्याद्रीत तो सहज पटतो. लाव्ह्याचा एक थर निवाला, त्यावर दुसरा पसरला आणि कडा उभा राहिला. म्हणूनच ज्या कड्यात हा क्रम चक्क उलटा दिसतो, त्याची माहिती वाचताना माझे कुतूहल वाढले. ती येथे थोडक्यात मांडतो.

अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात, बर्लिंग्टन शहरालगत, शॅम्प्लेन सरोवराच्या पूर्व काठावर लोन रॉक पॉइंट नावाचे भूशिर आहे. त्याच्या कड्याचा वरचा भाग फिकट रंगाच्या, टणक डोलोमाइटचा आहे. त्याखाली पाण्यालगत काळा, ठिसूळ शेल दिसतो. डोलोमाइट कँब्रियन कालखंडाच्या पूर्वार्धातला, म्हणजे ५० कोटी वर्षांहूनही जुना. शेल ऑर्डोव्हिसियन कालखंडातला, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे आजोबा नातवाच्या खांद्यावर बसले आहेत!

मग स्टेनोचा नियम खोटा ठरला काय? नाही. तो नियम थर साचतानाचा क्रम सांगतो. पुढे कवचात काय उलथापालथ झाली, हे सांगत नाही. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखी बेटांची एक रांग उत्तर अमेरिकेच्या तत्कालीन किनाऱ्यावर येऊन आदळली. त्या दाबाने खडकांचे प्रचंड पत्रे तुटले आणि पश्चिमेकडे सरकून नव्या खडकांवर चढले. अशा कमी उताराच्या विभंगाला 'थ्रस्ट फॉल्ट' म्हणतात. येथे हे सरकणे कित्येक दहा किलोमीटरांचे मानले जाते.

याचा पुरावा कड्यातच आहे. दोन खडकांमधील रेषा सुरीने कापल्यासारखी स्पष्ट असून पूर्वेकडे किंचित कललेली आहे. रेषेखालचा शेल चुरगळलेला, घड्या पडलेला आहे आणि त्यात कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा आहेत. डोलोमाइटच्या तळावर तर सरकण्याच्या दिशेने पन्हळीसारख्या खाचा उमटल्या आहेत.

परंतु एक शंका उरते. एवढा जड पत्रा घर्षणाने चुरा न होता इतका दूर गेला कसा? हबर्ट आणि रुबी या शास्त्रज्ञांनी १९५९ साली याचे उत्तर दिले. खडकांच्या छिद्रांत कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढला, की तो वरच्या भाराचा काही वाटा उचलतो, घर्षण घटते आणि पत्रा सरकू शकतो. हा विचार आपल्याला परका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचा संबंध अनेक भूशास्त्रज्ञ जलाशयाशी जोडतात, तो याच तत्त्वाच्या आधारे. तेथील विभंग वेगळ्या प्रकारचा आहे. पाण्याच्या दाबाचे काम मात्र तेच.

विभंग भूमीखाली खोलवर घडला. वरचे खडक झिजून गेले, हिमयुगातील बर्फाने भूमी खरवडली, आणि आता सरोवराच्या लाटा तो कडा धुऊन स्वच्छ ठेवतात. म्हणून कोटी वर्षांची ही घटना उघड्यावर पाहता येते.

आपल्यापैकी जे इतिहास शिकतात, त्यांनाही यात एक धडा आहे. एखादी गोष्ट कोठे आढळली, यावरून ती केव्हाची हे लगेच ठरवू नये. ती तेथे कशी आली, हे आधी विचारावे. पुढच्या सहलीत कडा पाहताना थर अवश्य मोजू या, पण दोन थरांमधली रेषाही नीट निरखू या.