साथीची गिटार

ठाणे

चि. मुक्ता हिस, अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो मिळाले. एपिफोनची कसिनो, एपिफोनचीच ईएस-३३५ आणि आयबानेझची ती जाड पोटाची एएफ-७५. ‘मामा, पहिल्या दोन तर सारख्याच दिसतात, मग रंग आवडेल ती घेऊ का?’ असं विचारलंयस. फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तू पगारातून साठवलेले पैसे घालणार आहेस आणि ही गिटार दहा-पंधरा वर्षं तरी तुझ्याजवळ राहणार आहे, म्हणून जरा बैजवार लिहितो.

गिटारींकडे वळण्याआधी तू काय वाजवतेस ते बघू. सध्या तू मानसीच्या गाण्याला साथ करतेस. भावगीतं, गझला, मधूनच एखादं जुनं हिंदी गाणं. सोबत तबला, कधी हार्मोनियम. हॉल शे-दीडशे माणसांचा. आणि या कार्यक्रमांपेक्षा कितीतरी जास्त वेळ तू घरात, रात्री सगळे झोपल्यावर, एकटी वाजवत असतेस. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवूनच मी पुढचं लिहितोय. तू एखाद्या रॉक बँडमध्ये ड्रमरच्या शेजारी उभी राहून वाजवत असतीस तर सल्ला वेगळा असता.

त्या दोन गिटारी सारख्या दिसतात त्याला कारण आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझूला गिब्सनचा कारखाना होता. तिथून १९५८ साली ईएस-३३५ बाहेर पडली: जेमतेम पावणेदोन इंच जाडीची, दोन्ही बाजूंनी कटअवे असलेली, छातीवर दोन एफ-होल. पुढच्याच वर्षी त्याच आकाराची ईएस-३३० आली. एपिफोन ही एकेकाळची प्रतिस्पर्धी कंपनी गिब्सननं १९५७ मध्येच विकत घेतली होती. त्या नावाखाली १९६१ मध्ये जी कसिनो निघाली ती म्हणजे जवळपास ३३०च. तेव्हा बाह्यरेषा एकच, फरक आहे तो पोटात. ३३५च्या मधोमध, मानेपासून बुडापर्यंत, मेपलचा भरीव ठोकळा असतो. पोकळ असतात त्या फक्त दोन बाजू, म्हणून ती सेमी-हॉलो. कसिनोत असा ठोकळा नाही. ती आरपार पोकळ, म्हणजे हॉलो.

हे दुकानात स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मोबाइलचा टॉर्च एका एफ-होलवर धर आणि आत डोकाव. ३३५मध्ये बोटभर अंतरावर लाकडाची भिंत लागते, उजेड तिथंच अडतो. कसिनोत तो आतून पसरत पलीकडच्या एफ-होलमधून बाहेर येतो. पाठीच्या लाकडाची आतली बाजू, आडव्या-उभ्या पट्ट्या, वायरी, सगळं दिसतं. विक्रेता काहीही सांगो, हॉलो आणि सेमी-हॉलो हे शब्द दुकानांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तू टॉर्चवर विश्वास ठेव. नुसत्या टेलपीसवरून ओळखायला जाऊ नकोस. कसिनोला बुडाशी अडकवलेला ट्रॅपीझ असतो आणि आजच्या ३३५ला ठोकळ्यात स्क्रूनं बसवलेला स्टॉपबार, हे खरं. पण साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी ३३५ गिटारींनाही ट्रॅपीझच होता.

आता या ठोकळ्यामुळे काय होतं ते सांगतो, कारण निवड इथंच ठरते. अॅम्पमधून निघालेला आवाज हवेतून परत गिटारीवर येतो. पातळ, पोकळ टॉप त्या आवाजानं थरथरतो, त्याच्याबरोबर तारा हलतात, पिकअप ते पकडून पुन्हा अॅम्पकडे पाठवतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की तू तारेला हात लावला नाहीस तरी गिटार घुमत राहते आणि आवाज चढत जातो. हाच फीडबॅक. बहुधा खर्जाच्या एखाद-दोन सुरांवर आधी सुरू होतो, कारण पोकळीची स्वतःची घुमण्याची पट्टी त्याच आसपास असते. ठोकळा घातला की टॉप मधोमध घट्ट धरला जातो आणि हा त्रास पुष्कळ कमी होतो, पण पार जात नाही. बी. बी. किंग बरीच वर्षं याच घराण्यातल्या गिटारी वाजवत होता. गिब्सननं १९८० साली त्याच्या नावाची ‘ल्युसिल’ काढली, तेव्हा पोटात ठोकळा असूनसुद्धा हा त्रास आणखी कमी व्हावा म्हणून तिला एफ-होल ठेवलेच नाहीत.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की मग ३३५च घ्यावी. मी तसं म्हणत नाही.

तार छेडताना तू तिला जेवढी ताकद देतेस तेवढीच तिच्याजवळ असते. टॉप सहज हलणारा असला तर तो ती ताकद चटकन घेऊन हवेत सोडतो: सूर ठणकन उमटतो आणि लवकर विरतो. मधे ठोकळा असला की ताकद तारेतच राहते, सूर लांबतो. गिटारीच्या जाहिराती बघितल्यास तर लांबणारा सूर हाच मोठा गुण असं वाटेल. सोलो वाजवणाऱ्यासाठी तो आहेही. पण तू साथ करतेस. मानसी ‘सा’वर ठेहराव घेते तेव्हा तुझा कॉर्ड खाली चार मात्रा पसरून राहिला तर तिचे शब्द त्याच्यात बुडतात. मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐक. प्रत्येक ओळीच्या शेवटी तू उजव्या हाताच्या कडेनं तारा दाबतेस, कारण तुझी सध्याची भरीव गिटार सूर सोडतच नाही. कसिनो तो सूर आपणहून सोडते. ठेका लागतो, कॉर्डचा रंग कळतो आणि जागा मोकळी होते. कवितेच्या मागे वाजवणाऱ्याला याहून मोलाचं काही नाही, असं मला मनापासून वाटतं.

काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रातला फ्रेडी ग्रीन तू ऐकायलाच हवास. १९३७ साली तो तिथं रुजू झाला आणि १९८७ मध्ये वारला तोवर त्यानं तीच जागा सांभाळली. हातात पोकळ आर्चटॉप गिटार, अॅम्प नाही, सोलो जवळजवळ नाहीच. चारही मात्रांना एकेक स्ट्रोक, आणि प्रत्येक स्ट्रोक पुढचा यायच्या आत विरलेला. एवढ्या ब्रास वाद्यांच्या गर्दीत तो वेगळा काढून ऐकणं अवघड जातं, पण सगळा वाद्यवृंद त्याच्यावर चालतो. त्या काळातलं बेसीचं काहीही लाव, हेडफोन घाल आणि फक्त त्याच्या उजव्या हाताकडे कान दे.

कसिनोचा दुसरा फायदा घरचा. अॅम्प न लावताही ती ऐकू येते. ताई-भाऊजी आतल्या खोलीत झोपलेले असताना तू बाहेर बसून वाजवशील तर तुला स्वतःचा हात स्पष्ट कळेल: कुठं बोट कमी दाबलं गेलं, कुठं स्ट्रोक खरखरला. हात तयार होतो तो अशाच तासांत.

आता तिच्याविरुद्धचंही सांगतो. कसिनोत पी-९० पिकअप असतात, म्हणजे सिंगल कॉइल. ट्यूबलाइट, डिमर, जुनं वायरिंग यांची घरघर ते पकडतात. ३३५मधले हम्बकर दोन उलट्या कॉइल जोडून ती घरघर मारतात. आपल्याकडच्या हॉलमध्ये हा प्रश्न खरा आहे. दुसरं म्हणजे कसिनोची मान बॉडीला सोळाव्या फ्रेटपाशी जोडलेली असते आणि ३३५ची जवळजवळ एकोणिसाव्यापाशी. तुला अंतऱ्याआधीच्या तुकड्यात वर जाऊन मींड घ्यायला आवडतं. तिथं कसिनोवर हात अडेल, सूरही आधी संपेल. मींड तू दहाव्या-बाराव्या फ्रेटच्या आसपास उतरवून घेऊ शकतेस, पण उद्या साथ सोडून स्वतःच पुढं बसून रागदारी वाजवायची मनात असेल तर ३३५ घे, बिनदिक्कत. हे फक्त तुलाच माहीत.

पी-९० म्हणजे मऊ आवाज, असंही समजू नकोस. बीटल्सपैकी पॉलनं १९६४ मध्ये कसिनो घेतली, जॉन आणि जॉर्जनं १९६६ मध्ये. ३० जानेवारी १९६९ ला लंडनमध्ये गच्चीवर ते लोकांसमोर शेवटचे वाजले तेव्हा जॉनच्या हातात रंग खरवडून काढलेली कसिनोच होती. ड्रम्सच्या बरोबरीनं ती कशी चावरी वाजते ते ऐक. फक्त त्यांनी वाजवली म्हणून घेऊ नकोस. आणि डोक्यावर गिब्सन लिहिलेलं नाही याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. एपिफोनच्या बहुतेक गिटारी आज चीनमध्ये बनतात आणि चांगल्या बनतात. गिब्सनला कितीतरी पट पैसे घालण्यापेक्षा चांगला सेटअप आणि छोटासा बरा अॅम्प यांना घाल.

आयबानेझ मी बाजूला ठेवली असती. वाईट मुळीच नाही. १९४९च्या ईएस-१७५पासून जाड पोटाच्या गिटारींचा जो मऊ, गोल आवाज जिम हॉल, जो पास यांच्या हातून ऐकू येतो त्या वाटेवरची ती आहे. पण तुझ्या अंगाला ती मोठी होईल, खांदा भरून येईल, स्टेजवरच्या मॉनिटरनं ती सगळ्यांत आधी घुमेल. शिवाय अशा बऱ्याच गिटारींचा ब्रिज टॉपवर नुसता टेकवलेला असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो जागचा हलतो आणि सूर बिघडतात.

पावसाळ्याची काळजी तिन्हींत कमी आहे. कोरीव भरीव स्प्रूसचा टॉप असता तर कोकणातल्या कार्यक्रमाला नेताना मी घाबरलो असतो. या प्लायच्या आहेत, थरावर थर चिकटवलेल्या, दमटपणानं लवकर फुगत नाहीत. मान मात्र हलतेच. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत मानेच्या कडेवरून तळवा फिरवून बघ: लाकूड आक्रसलं की फ्रेटची टोकं बाहेर येऊन टोचतात. कारागीर ती घासून देतो.

दुकानात आणखी एक गोष्ट विसरू नकोस. चारही नॉब आणि पिकअपचा स्विच पुन्हा पुन्हा फिरव, खरखर येते का ऐक. कसिनोला मागून उघडायला झाकण नसतं. नॉबखालचा एक पॉट बदलायचा तरी कारागीर प्रत्येक पॉटच्या दांड्याला दोरा बांधतो, सगळी वायरिंग एफ-होलमधून बाहेर काढतो, दुरुस्त करतो, परत आत ढकलतो आणि दोरा ओढत ओढत एकेक दांडा आपापल्या भोकातून वर आणतो. अर्धा दिवस जातो, मजुरी तशीच लागते. म्हणून खरखरणारा नॉब असलेली गिटार ‘नंतर करून देऊ’ या बोलीवर घ्यायची नाही. एकाच मॉडेलच्या दोन असतील तर दोन्ही वाजव. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथंच दाबलेला सूर जुळतो का, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर स्वच्छ बोलते का, पोटात काही खुळखुळतं का, हे तपास. ब्रिजच्या मागचा तारांचा तुकडा किणकिणत असेल तर दोष मानू नकोस, फेल्टची पट्टी विणली की थांबतो. तारा ११च्या सेटच्या लावून माग. फ्लॅटवाउंड आवडतील तुला, पण त्या सेटमध्ये तिसरी तार बहुधा गुंडाळलेली असते आणि ती ओढून मींड निघत नाही. साधी तिसरी वेगळी मागून घे.

मानसीला घेऊन जा. कसिनो आणि ३३५ दोन्ही एकाच अॅम्पला, एकाच आवाजाला लाव, तिला माइकशिवाय एक कडवं गायला सांग आणि मागे वाजव. मग गिटारी अदलाबदल करून तेच कडवं पुन्हा. कुठल्या वेळी तिला आवाज चढवावा लागला नाही ते तिलाच विचार.

आणि हे नीट वाच: अॅम्पच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही, घरघर कमी होते असं कोणी सांगितलं तरी नाही. गिटारीच्या तारा अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसलेल्या हॉलमध्ये तारांवर हात आणि ओठ माइकला लागले की जोराचा शॉक बसू शकतो, जीवावरही बेतू शकतं. तू मधूनमधून मानसीला कोरस देतेस म्हणून मला याची फार काळजी वाटते. एक साधा सॉकेट टेस्टर विकत घे आणि साउंड चेकच्या आधी प्रत्येक ठिकाणी लावून बघ.

गिटारी बघायला धोबी तलावच्या दुकानात यायचं ठरलं तर शनिवारी दुपारी ये, तेव्हा माझ्याकडे विद्यार्थी नसतात. तीन वाजता सीएसएमटीला तिकीट खिडकीपाशी भेटू. पिक, केबल आणि तुझी जुनी गिटार सोबत आण. नव्या दोघींची गाठ तिच्याशी घालून बघायची आहे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
श्रीमामा